मामा, डफर आणि गॅफर

माझा मामा नाट्यगृहात दिव्यांचं काम करतो. बत्तीस वर्षं झाली. पडदा वर गेल्यावर लोकांना जे काही दिसतं ते माझ्या परवानगीनं दिसतं, असं तो छाती फुगवून सांगतो, आणि ते खोटंही नाही. पहाट, टळटळीत दुपार, नवराबायकोच्या भांडणानंतरचा उजेड (हो, तो वेगळा असतो म्हणे) हे सगळं तो शिडीवर चढून, हातमोजे घालून, तोंडात रंगीत जिलेटिनचा कागद धरून तयार करतो. शांतपणे बोलणं त्याला जमत नाही. साधी बस वेळेवर आली तरी घरात शिरताशिरता त्याची बातमी होते.

अशा या माणसासमोर एक शब्द काढायची सोय नव्हती. डफर.

त्याचं मूळ शाळेत होतं. मामा सातवीत असताना हेडमास्तरांनी आजोबांना बोलावून घेतलं आणि मामाच्या देखत सांगितलं, "तुमचा मुलगा डफर आहे." दुसऱ्या दिवशी ते वर्गात पसरलं, आठवड्याभरात गल्लीत. पण मामाला खरा घाव बसला तो घरी. आजोबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मधे एक पडदा, आणि पडद्यामागे मामा अभ्यासाला बसायचा. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना आजोबा सांगायचे, "आमचा मोठा ना, एकदम डफर!" गिऱ्हाइकं हसायची. मामा पडद्यामागे कान लाल करून बसायचा. सोळाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली ती सोडलीच. वडिलांशी बोलणं राहिलं ते फक्त कामापुरतं: जेवण झालं का, औषध घेतलं का, खिडकी लावू का. दोघं एका घरात राहिले, इतकंच.

नाट्यगृहात एकदाच कुणीतरी तो शब्द वापरला. तालमीत एक मोठे नट ओरडले, "अरे डफर, माझा उजेड कुठाय?" मामानं एक नाही, सगळे दिवे घालवले आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. त्या नटांनी अंधारात खुर्च्यांना धडकत बाहेर येऊन माफी मागितली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तेव्हापासून मॅनेजर प्रत्येक नव्या मंडळीला सांगतो, "पिण्याचं पाणी तिकडे, कपडे बदलायच्या खोल्या मागे, आणि आमच्या दिवेवाल्यांना डफर म्हणायचं नाही."

गेल्या वर्षी परदेशातलं एक सिनेमाचं युनिट आलं. त्यांना जुनं नाट्यगृह हवं होतं, आठ दिवस. रंगमंचावर एका नटीच्या घराची खोली उभी केली होती आणि त्या खोलीत बरंचसं चित्रण व्हायचं होतं. त्यांचा दिव्यांचा प्रमुख माणूस ऐन वेळी आजारी पडला, म्हणून मॅनेजरनं मामाला पुढे केलं. मामा तीन दिवस आधीपासून हवेत! "अगं, सिनेमाचे दिवे बघितलेस का तू? एकेक केवढा! माझ्या छातीएवढा!" मी सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. नाट्यगृहापासून दहा मिनिटांवर. तेवढं सांगायला तो जेवणाच्या सुट्टीत पळत आला होता.

युनिटची कॅमेरावाली एक उंच, बारीक बाई होती. केस कापलेले, पायात जाड बूट. इंग्रजीत बोलायची, आणि सहायक दिग्दर्शक आपल्या भाषेत सांगायचा. पण मामा वर, रंगमंचाच्या डोक्यावरच्या दिव्यांच्या अरुंद पुलावर, ती खाली कॅमेऱ्यापाशी, म्हणून दोघांना वॉकीटॉकी दिले होते. ते यंत्र म्हणजे नुसती खरखर.

पहिल्याच सकाळी अवघड काम निघालं. नटी खिडकीपाशी बसून पत्र वाचते आणि तेवढ्यात सूर्य उगवतो. उजेडाचा एक चौकोन समोरच्या भिंतीवर वरच्या बाजूला पडायला हवा आणि तीन मिनिटांत हळूहळू खाली उतरत टेबलावर यायला हवा. म्हणजे खिडकीबाहेरचा दिवा तितक्याच सावकाश वर चढायला हवा. त्यांनी मोटर आणली होती, पण ती गुरगुरायची आणि अधेमधे अडखळायची. मामा म्हणाला, "मोटर काढा. दोर द्या. मी ओढतो." कप्पीवरून दोर घेतला आणि सराव सुरू झाला.

"गॅफर, अप!" खालून आवाज आला.

मामाला ऐकू आलं, "खर्रर्र… अफर, अप!"

त्याला वाटलं, छे, भलतंच ऐकू येतंय. दोर ओढला.

"गॅफर, स्लो!"

मामाच्या कानात शिरलं, "डफर! स्लो!"

आता बघा. डफर म्हटलं ते म्हटलं, वर स्लो! मामाला इंग्रजी फारसं येत नसलं तरी स्लो म्हणजे काय हे कळतं. तरी तो दात आवळून ओढत राहिला. उजेड भिंतीवरून असा काही अलगद उतरत आला, की खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांतच ती बाई आनंदानं किंचाळली, "ब्यूटिफुल, गॅफर!"

झालं. मामानं दोर खांबाला बांधला, हातमोजे काढले, वॉकीटॉकी पुलावरच ठेवला, शिडी उतरला आणि कुणाला काही न सांगता मागच्या दारानं निघून गेला.

मी त्या वेळी नोंदवहीत पुस्तकं चढवत होते. दार धाडकन उघडलं आणि मामा आत. घामाघूम, नाक लाल.

"मला तक्रार लिहायची आहे."

"मामा, हळू. लोक वाचतायत."

"वाचू देत! मला डफर म्हणाली ती. तीनदा! सगळ्यांच्या समोर! मॅनेजरला लेखी देणार आहे. पण त्याआधी मला त्या शब्दाचा नेमका अर्थ हवाय. कुठून आला, कोणी काढला, सगळं. एकदा कळू दे तरी मला, आयुष्यभर मी आहे तरी कोण!"

आमच्याकडे इंग्रजी बोलीतल्या शब्दांचा एक जाडजूड कोश आहे. महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. मी तो काढून टेबलावर ठेवला. मामानं खुर्ची ओढली, बोट शब्दांखाली धरलं आणि म्हणाला, "तू वाचू नकोस. मी वाचतो. तू फक्त अर्थ सांग."

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, अक्षर अक्षर लावत होता. डी, यू, एफ, एफ. मी सांगत गेले. दारोदार फिरून माल विकणारा एक प्रकारचा फेरीवाला असायचा. हलक्या प्रतीचं कापड किंवा दागिना दाखवून कानात सांगायचा, हा चोरून आणलेला भारी माल आहे, तुम्हाला म्हणून स्वस्तात देतो. त्याला डफर म्हणत. मग नकली मालालाच डफर म्हणायला लागले. आणि मग निकामी माणसाला.

"थांब, थांब!" मामा खुर्चीत सरळ झाला. "म्हणजे मुळात डफर मठ्ठ नव्हताच? लबाड होता?"

"एका मतानं तसं दिसतंय."

"आणि तो फेरीवाला चांगला हुशार असणार! फडक्याला रेशीम म्हणून विकायचं म्हणजे डोकं लागतं! पुढे काय आहे?"

पुढे होतं की सोन्याच्या खाणीत काम करणारे लोक ज्या खाणीत काहीच सापडत नाही तिला डफर म्हणायचे. मामानं ते दोनदा वाचून घेतलं. "रिकामी खाण," तो पुटपुटला. मग मी शेवटची ओळ सांगितली. दुसरं एक मत असं आहे, की उत्तरेकडच्या बोलीत मंद माणसासाठी तशाच उच्चाराचा एक शब्द होता, त्यावरूनही आला असेल. नक्की सांगता येत नाही.

"नक्की सांगता येत नाही?" मामा उभाच राहिला. "कोशवाल्यांनाच माहीत नाही? ज्या शब्दाला स्वतःच्या बापाचा पत्ता नाही, त्याच्यापायी मी छत्तीस वर्षं रक्त आटवलं?"

कोपऱ्यात पेपर वाचणारे एक आजोबा म्हणाले, "शू!" मामानं त्यांनाही फेरीवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

नाट्यगृहाचा मॅनेजर. "तुझा मामा आलाय का तिकडे? अगं, काय हा माणूस! ती बाई आख्खं थिएटर डोक्यावर घेऊन बसलीय. माझा गॅफर कुठाय, माझा गॅफर कुठाय, एकच धोशा!"

"काय कुठाय?"

"गॅफर."

"डफर?"

"ए बाई, तो शब्द काढू नकोस, तो जवळ असेल! गॅफर. ग गवताचा!"

मी फोनवर हात ठेवला. "मामा, ती तुला गॅफर म्हणते. ड डब्याचा नाही, ग गवताचा."

"ते आणि काय? त्याच्याहून वाईट?"

"मला काय माहीत!"

कोश अजून उघडाच होता. आम्ही दोघांनी एकदमच पानं उलटायला घेतली आणि त्या घाईत एक पान कोपऱ्यात फाटलं. ते माझ्या नोकरीत मी फाडलेलं पहिलं पान. जी, ए, एफ, एफ. या वेळी मला त्याच्या आधी अर्थ लागला आणि मी कोश स्वतःकडे ओढला.

"काय आहे? सांग ना! शिवी आहे ना?"

"मामा, त्यांच्याकडे बाळाचं नाव ठेवताना देवासमोर एक मोठा माणूस त्या बाळाची जबाबदारी घेतो. गॉडफादर. तो शब्द बोलताबोलता झिजला आणि त्याचं गॅफर झालं."

"झिजला म्हणजे?"

"आपण नाही का 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' करत? तसं. आधी गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला मानानं गॅफर म्हणायचे. मग मजुरांच्या टोळीवर जो मुख्य असेल त्याला. मुकादमाला. आणि सिनेमात…" मी पुढची ओळ परत एकदा वाचली, चूक नको व्हायला. "सिनेमात दिव्यांच्या सगळ्या कामाचा जो प्रमुख, तो गॅफर."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पुस्तकाकडे बघितलं. मग कमरेच्या पट्ट्याला लटकवलेलं काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. वायरी जमिनीला चिकटवायला तो ती कापडी पट्टी रोज वापरतो, गजागजानं संपवतो. रिळाच्या आतल्या पुठ्ठ्यावर बारीक इंग्रजी अक्षरं छापली होती. त्यानं ती अक्षरं कोशातल्या अक्षरांशेजारी धरली. एकेक ताडून पाहिलं.

"तेच आहे गं!" तो ओरडला. "तेच आहे! गॅफर टेप! माझ्या नावाची पट्टी मी इतकी वर्षं कमरेला बांधून फिरतोय!"

"शू!" आता तीनचार जण.

"अहो, शू काय? मी गॅफर आहे!" त्यानं पेपरवाल्या आजोबांचा हात धरून हलवला. आजोबांना काही कळलं नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं.

कोशात आणखी एक टीप होती. काही लोक सांगतात की दिवे सरकवायला वापरायच्या आकडा लावलेल्या काठीवरून हा शब्द आला, पण त्याला पुरावा नाही. मी ते वाचून दाखवलं तर मामा म्हणाला, "पुराव्याचं जाऊ दे, काठी आमच्याकडे पण आहे!" आणि दारापर्यंत पोचलासुद्धा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्यामागे धावले. हे सगळं बघायचं सोडून मी पुस्तकं कसली चढवतेय!

तिथं कुणी हार घेऊन उभं नव्हतं. बाई संतापली होती. अर्धी सकाळ वाया गेली होती, नटीचा मेकअप पुन्हा करावा लागला होता. ती कमरेवर हात ठेवून मामाला खूप बोलली आणि सहायक दिग्दर्शकानं त्याचं भाषांतर केलं ते असं: "त्या विचारतायत, तुम्ही कुठे होता."

मामानं मान खाली घातली. मग जे झालं ते सगळं सांगितलं. शाळा, हेडमास्तर, वॉकीटॉकीची खरखर, फेरीवाला, सोन्याची खाण, मुकादम. हातवारे करून. भाषांतर करणाऱ्याची त्रेधा उडाली. बाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. "डफर, स्लो!" या जागी तिनं तोंडावर हात ठेवला, आणि गोष्ट खाणीपर्यंत आली तेव्हा ती चक्क खाली बसून हसत होती. उठली आणि डोळे पुसत म्हणाली, म्हणजे सहायकानं सांगितलं, "हसले म्हणून वेळ भरून निघत नाही. वर जा आणि सूर्य उगवून दाखवा."

मी पहिल्या रांगेत बसले. सगळे दिवे गेले. "सायलेन्स" झालं. नटीनं पत्र उघडलं. भिंतीवर, छताच्या जवळ, उजेडाची एक बारीक कड आली. पुलावर मामा दिसत नव्हता, फक्त दोर दिसत होता, आणि तो हलतोय हेही कळत नव्हतं. मी डोळे न मिटता त्या चौकोनाकडे बघत होते. तो कॅलेंडरवर आला. कपाटाच्या मुठीवर आला, मूठ चमकली. आता अडखळणार, आता अडखळणार! नटीच्या खांद्यावर आला, हातावर आला, आणि पत्राची शेवटची ओळ वाचून तिनं मान वर केली तेव्हा उजेड नेमका टेबलावर पोचला आणि तिथं थांबला.

"कट!"

बाईनं वॉकीटॉकी उचलला. नंतर काय वाटलं कोण जाणे, तो खाली ठेवून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ती वर बघून ओरडली, एकेक अक्षर सुटं करून: "गॅ! फर!"

"येस!" वरून मामा गरजला. एवढं मोठं येस त्या नाट्यगृहात कुठल्या नायकानं म्हटलं नसेल.

मामाच्या तळहातांना दोरानं फोड आले होते. ते मला दाखवत, रस्ताभर बडबडत तो घरी आला. मीही गेले. आजोबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. शिवणयंत्र बंद केलं, पण बसतात अजून त्या पुढच्या खोलीतच. मामा सहसा त्यांच्यासमोरून सरळ आत जातो. त्या दिवशी तो थांबला. आनंदच इतका होता की कुठेतरी सांडायला हवा होता.

"बाबा, मी गॅफर आहे," तो म्हणाला. "तुम्ही मला जन्मभर डफर म्हणालात ना? मी गॅफर आहे. दोन्ही शब्द बघून आलोय पुस्तकात."

आजोबांना जरा कमी ऐकू येतं. मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. गॅफर म्हणजे काय ते ऐकून त्यांनी मान डोलावली. डफर म्हणजे काय ते सांगितलं तशी त्यांची मान थांबली.

"निकामी?" ते म्हणाले. "डफर म्हणजे निकामी?"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?" मामा म्हणाला.

"अरे, मला इंग्रजी कुठे येतं! माझं इंग्रजी मापाच्या फितीवरच्या आकड्यांपुरतं." आजोबा माझ्याकडे बघत बोलत होते, मामाकडे बघायचा त्यांना धीर होईना. "हेडमास्तरांनी बोलावलं. यानं त्यांच्या खोलीतला बंद पडलेला पंखा सुट्टीत उघडून ठेवला होता. सगळे भाग टेबलावर, ओळीनं. मास्तर रागावले होते, पण पंखा फिरत होता! यानं परत जोडून, दुरुस्त करून दाखवला होता माझ्यासमोर. आणि मग ते म्हणाले, हा डफर आहे. मला वाटलं, डफर म्हणजे हाताला चैन नसलेला. उचापती. काहीतरी जोडणारा, उघडणारा. विचारायची लाज वाटली. मी सगळ्यांना सांगत सुटलो."

"गिऱ्हाइकं हसायची, बाबा."

"मला वाटायचं कौतुकानं हसतात."

मामा आजोबांच्या समोर जमिनीवर बसला, फोड आलेले हात त्यांच्या मांडीवर ठेवले आणि इतका हसायला लागला, की मला कळेना हे हसणं आहे की दुसरं काही. आजोबा त्याच्या तळहातावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे काय करून घेतलंस? हातमोजे घालत नाहीस का?"

"घाईत विसरलो."

"डफर आहेस," आजोबा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. पण मामानं नुसती मान हलवली. "तुमच्या अर्थानं आहे, बाबा. तुमच्या अर्थानं म्हणा."

त्या रात्रीच्या जेवणाला दोघं जवळजवळ दीड तास बसले होते. आजोबांना तो दोराचा प्रकार समजेना, म्हणून मामानं शिवणयंत्राची चाकं आणि दोऱ्याचं रीळ घेऊन कप्पी करून दाखवली. आजोबांनी दोन सूचना केल्या. त्यातली एक मामानं दुसऱ्या दिवशी खरोखर वापरली: दोरावर कापड गुंडाळलं म्हणजे हात घसरत नाही.

आठ दिवस संपले. युनिट गेलं. जाताना बाईनं मामाचं नाव स्पेलिंगसकट लिहून घेतलं. आता सोमवारी नाट्यगृह बंद असतं तेव्हा मामा ग्रंथालयात येतो, तो जाड कोश मागतो आणि बोट धरून वाचत बसतो. सापडलेले शब्द उतरवायला त्याच्याजवळ एक वही आहे. गेल्या सोमवारी तो एम अक्षरापर्यंत पोचला. मधूनच काहीतरी सापडतं आणि तो टेबलावर हात आपटतो, "अगं, हे ऐक!" लोक शू म्हणतात. पेपरवाले आजोबा मात्र आता आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवतात.